बीरहून धरमशाला आणि परत, चौघांनी मिळून: उडण्याआधी काय ठरवायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही चौघे मित्र कामशेतला पॅराग्लायडिंग शिकलात. प्रत्येकाच्या लॉगबुकात ३५ ते ६० तास आहेत आणि आजवरची सगळ्यांत लांब मजल आठ-दहा किलोमीटरची. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सहा दिवस हिमाचलमधल्या बीरला जाताय. त्यातल्या एका दिवशी बिलिंगहून, म्हणजे बीरच्या वरच्या टेकऑफवरून, उडून धरमशाला गाठायची आणि चौघांनी एकत्र परत येऊन बीरलाच उतरायचं, असं मनात आहे. हे जमेल का, हवेत एकत्र कसं राहायचं, एकाने त्यासाठी ईएन-सी ग्लायडर (सुरक्षेच्या वर्गवारीत सोप्या ईएन-बीच्या वरचा, जास्त चपळ) घ्यावा का, असं विचारलंत. आणि जाता जाता एक ओळ लिहिलीत: एकाची बहीण सोबत येणार आहे, ती उडत नाही, तर तिचा दिवस कसा जाईल?

मी चौदा वर्षं उडतोय आणि त्यातले बहुतेक ऑक्टोबर बीरमध्ये काढलेत. बहिणीचा प्रश्न तुम्ही शेवटी टाकलात, पण माझ्या दृष्टीने तुमचा दिवस सुखरूप पार पडणं तिच्यावर सर्वांत जास्त अवलंबून आहे. त्याकडे शेवटी येतो.

बिलिंग ते धरमशाला सरळ रेषेत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आहे. चांगल्या दिवशी, हात बसलेला पायलट साध्या ईएन-बी ग्लायडरवर जाऊन-येऊन करतो. अंतर अशक्य नाही. अडचण वेगळीच आहे. टेकऑफनंतर अर्ध्या तासात तुम्ही चौघे चार वेगळ्या उंचींवर, कदाचित चार वेगळ्या सोंडांवर असाल. त्या वेळी कोणाला कोणाची किती माहिती असेल, आणि ज्याला वर राहता आलं नाही तो कुठे उतरेल, हे सकाळी जमिनीवर ठरलेलं नसेल तर हवेत ठरत नाही. मी जे जे अपघात आणि हरवलेले पायलट जवळून पाहिले, त्यात वाऱ्याचा दोष होता तितकाच या न ठरवण्याचाही होता.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. पहिली तुमचे तास. कामशेतचे तास वाया गेलेले नाहीत. टॉवर हिलवर संध्याकाळच्या एकसारख्या वाऱ्यात तासभर इकडून तिकडे फिरताना ग्लायडर अंगवळणी पडतो, टेकऑफ-लँडिंगला हात तयार होतो. पण तिथे वारा डोंगरावर आदळून वर चढतो आणि तुम्हाला धरून ठेवतो. तुम्ही त्या पट्ट्यात राहिलात की झालं. बीरचा दिवस उन्हावर चालतो. वर नेणारी हवा, म्हणजे थर्मल, खांबांसारखी जागोजागी उठते आणि दोन खांबांच्या मध्ये हवा खाली जात असते. खांब शोधायचा, त्याच्या गाभ्यात वळत राहायचं, तो संपला की सोडून पुढच्यापर्यंत पोचायचं, ही सगळी वेगळी मेहनत आहे. म्हणून साठ तासांतले थर्मलचे खरे किती, ते प्रत्येकाने लॉगबुक उघडून मोजा. रिज सोअरिंगचे, म्हणजे डोंगरावर चढणाऱ्या वाऱ्यावर तरंगण्याचे, तास वजा केल्यावर काही जणांकडे पाच-सहाच उरतात.

दुसरी गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत उडणं बंद असतं. म्हणजे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात बिलिंगला उभे राहाल तेव्हा तुम्ही चार महिने ब्रेक (ग्लायडर वळवायच्या-आवरायच्या दोऱ्या) हातात धरलेले नसतील. चार महिन्यांच्या खंडानंतरचं पहिलं टेकऑफ थेट २४०० मीटरवरून, पर्यटकांना घेऊन उडणाऱ्या टँडमवाल्यांच्या गर्दीत, हिमालयाच्या पायथ्याशी! तारखा पुढे ढकलता येत असतील तर नोव्हेंबरचा पहिला आठवडा घ्या. थर्मल जरा मवाळ झालेले असतात, गर्दी थोडी विरळ होते आणि त्याआधी घरच्या डोंगरावर दोन-तीन शनिवार-रविवार मिळतात. पाचगणीला हॅरिसन फॉलीवरून कृष्णेच्या खोऱ्यावर दुपारचे थर्मल पकडता आले तर आणखी चांगलं. तारखा पक्क्या असतील तर सहापैकी पहिले दोन दिवस बिलिंगच्या आसपासच उडा. ते दिवस फुकट गेले असं समजू नका.

त्या दोन दिवसांत माझी एक कसोटी लावा. टेकऑफच्या उंचीला असताना, समोर कोणी वळत असलेलं दिसत नसताना, स्वतः थर्मल शोधून पाच-सहाशे मीटर वर जाता येतं का? एकदा जमणं नशीब असू शकतं, तीनदा जमलं पाहिजे. दुसऱ्याच्या थर्मलमध्ये शिरून वर जाणं यात धरू नका. चौघांपैकी ज्याला हे जमत नाही त्याने तिसऱ्या दिवशी मजल मारू नये, आणि बाकीच्यांनी त्याला भरीला घालू नये. "चल रे, आम्ही आहोत ना" हे वाक्य हवेत कुणाच्याही उपयोगी पडत नाही. ग्लायडरची एक बाजू मिटली तर वजन उघड्या बाजूला टाकून दिशा धरणं हातून आपोआप होतं का, हेही पाहा. पोखऱ्याला तलावावर एसआयव्ही कोर्स (ग्लायडर मुद्दाम मिटवून सावरायचा सराव) केलेला असेल तर उत्तम. नसेल तर दुपारी बारा ते दोनचा जोराचा काळ टाळून सुरुवात करा.

आता डोंगर. धौलाधारची रांग बीरपासून पश्चिमेकडे, किंचित वायव्येला झुकत, धरमशालेपर्यंत सलग जाते. दक्षिणेला कांगड्याचं रुंद खोरं पसरलेलं. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला हा भूगोल लगेच वाचता येतो: मुख्य धारेतून सोंडा खाली उतरतात, आणि दोन सोंडांच्या मधल्या घळीतून पाणी येतं. तिथले लोक त्या ओढ्यांना खड्ड म्हणतात. बीरहून निघालात की बैजनाथच्या वर बिनवा, पुढे आवा, पालमपूरला न्यूगल आणि चामुंडेच्या देवळापाशी बनेर. बैजनाथ सहा-सात किलोमीटरवर, पालमपूर अठरा-एकोणीसवर, चामुंडा तीसेकवर. ही नावं पाठ करा, कारण रेडिओवर "मी त्या मोठ्या डोंगराच्या बाजूला आहे" असं सांगितलेलं कुणाला कळत नाही. धौलाधारमध्ये सगळेच डोंगर मोठे आहेत.

समोरची धार सोडून मागे जायचं नाही, हा पहिल्या वर्षाचा नियम. बिलिंगच्या मागे बरोटचं खोरं आहे, थमसरची खिंड आहे, आणि ३५०० मीटरवरून मागची बर्फाची शिखरं फार जवळ वाटतात. तिकडे उतरायला सपाट जागा नाही, रस्ता नाही, फोनला रेंज नाही. समोरच्या धारेवर असलात आणि थर्मल मिळाला नाही, तर डावीकडे वळून खोऱ्यात जाता येतं. भातकापणी होत आलेली असते, खाचरं मोकळी होत असतात, आणि मंडी-पठाणकोट हमरस्ता बैजनाथ, पालमपूर, नगरोटा असा खालून जातो. ही सोय जोवर ग्लाइडमध्ये, म्हणजे तरंगत पोचण्याच्या टप्प्यात, आहे तोवर तुमच्या हातून थोडं चुकलं तरी निभतं.

सर्वांत जास्त लक्ष द्यायचं ते दऱ्या ओलांडताना. कामशेतला हा हिशेब कधी करावा लागत नाही, म्हणून सविस्तर सांगतो. तुमच्या ग्लायडरचा ग्लाइड रेशो, म्हणजे एक मीटर उतरताना किती मीटर पुढे जातो तो आकडा, स्थिर हवेत नऊ असेल. डोंगरात तो नऊ धरायचा नाही. मी सहा धरतो. म्हणजे सोंडेपासून सोंडेपर्यंत चार किलोमीटर असेल तर ओलांडताना साधारण साडेसहाशे-सातशे मीटर उंची जाणार, आणि मधल्या घळीत सिंक (खाली जाणारी हवा) लागला तर आठशे. आता पलीकडच्या सोंडेवर तुम्ही कुठे पोचणार ते डोळ्यांनी ताडा. सोंडेच्या माथ्याच्या वर किंवा निदान वरच्या तिसऱ्या भागात पोचत असाल तर जा. मधोमध किंवा खाली पोचणार असाल तर अजून चढा. चढता येत नसेल तर थांबा. थांबण्यात काहीच बिघडत नाही. बीरच्या ऑक्टोबरात अर्ध्या तासाने तीच सोंड पुन्हा चालू होते.

पोचायचं तेही सोंडेच्या उन्हाकडच्या आणि वाऱ्याकडच्या बाजूला. सकाळी आग्नेयेकडच्या उतारांवर ऊन आधी पडतं, दुपार कलली की नैऋत्येकडचे उतार तापतात. दुपारी मैदानाकडून डोंगराकडे वारा चढत असतो. सोंडेच्या सावलीतल्या, आडोशाच्या बाजूला खाली पोचलात तर वरून कोसळणारी हवा आणि रोटर (डोंगराआडची भोवऱ्यासारखी हवा) वाट्याला येतो. पोचल्यावर दोन-तीन फेऱ्यांत काही लागलं नाही तर आणखी आत, घळीच्या कुशीत शोधत जाऊ नका. आत गेलं की डोंगर दोन्हीकडून जवळ येतो, जमीन तुमच्याकडे वर चढत येते, आणि बाहेर पडायला लागणारी उंचीच उरत नाही. निर्णय उंची असताना घ्यायचा: नाक दक्षिणेला, खोऱ्याकडे, आणि लँडिंग शोधायला लागा. विजेच्या तारांवर खास नजर ठेवा. तिथे तारा एका सोंडेवरून दुसऱ्या सोंडेवर दरी ओलांडून जातात, आणि वरून तार दिसत नाही. खांब दिसतो, म्हणून खांब शोधा आणि दोन खांबांमध्ये तार आहेच असं धरा.

थर्मल शोधायला तिथे गिधाडांची फार मदत होते. आपल्याकडे आपण घारींवर डोळा ठेवतो. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे आपली गिधाडं दिसेनाशी झाली, २००६ साली त्यावर बंदी आली तरी संख्या अजून सावरलेली नाही. धौलाधारवर हिमालयन ग्रिफन मात्र अजून रोज भेटतो. पालमपूरच्या मागच्या सोंडेवर एकदा मला काहीच सापडत नव्हतं, व्हेरिओ, म्हणजे चढ-उताराचा वेग दाखवणारं यंत्र, एकसारखा उणे दीड (सेकंदाला दीड मीटर खाली) दाखवत होता. डाव्या हाताला, माझ्यापेक्षा जरा खाली, एक गिधाड आलं. त्याने पंख हलवलेच नाहीत. पंखाच्या टोकाची पिसं बोटांसारखी फाकली आणि ते एका जागी उभं राहिल्यासारखं वर येऊ लागलं. मी त्याच्याकडे वळलो. आधी खालून तापलेल्या चीड-पाइनच्या राळेचा वास आला, मग डाव्या ब्रेकची दोरी ताठ झाली, डावा पंख हलकेच उचलला गेला, आणि व्हेरिओ बोलायला लागला. ज्या बाजूचा पंख उचलला जातो त्या बाजूला वळायचं, हे आपण वर्गात शिकतो. त्या दिवशी ते हाताला कळलं. पक्ष्याच्या दिशेनेच वळा, त्याच्या वर्तुळात घुसून त्याला हुसकू नका. हाच शिष्टाचार माणसांशी: थर्मलमध्ये जो आधी वळतोय त्याची दिशा ती सगळ्यांची दिशा, आणि खालून चढत येणाऱ्याला वाट द्यायची, कारण त्याला वरचं दिसत नाही.

ढगांबद्दल थोडक्यात पण ठामपणे. ऑक्टोबरात बऱ्याच दिवशी दुपारपर्यंत धारेवर छोटे पांढरे ढग येतात, ते चांगले. त्यांचे बूड काळपट आणि रुंद होत चालले, किंवा ढग रुंदीपेक्षा उंच वाढायला लागले, की दिवस संपला असं समजून खोऱ्यात निघा. बुडाच्या दीडशे-दोनशे मीटर खाली असतानाच ढगाच्या कडेला सरका. तिथे चढ आणखी जोराचा आणि गुळगुळीत लागतो, आणि फार छान वाटतं, तिथेच माणूस फसतो. २००७ साली ऑस्ट्रेलियात मॅनिलाजवळ एव्हा विस्नियर्स्का ही जागतिक दर्जाची पायलट ढगात ओढली जाऊन ९९४६ मीटरपर्यंत गेली आणि बेशुद्ध होऊनही वाचली. त्याच दिवशी त्याच वादळात सापडलेला एक चिनी पायलट वाचला नाही. ढगात शिरल्यावर कौशल्याला फारसा वाव राहत नाही. बिग इअर्स (पंखाची टोकं मिटवून खाली येणं) आणि स्पीडबार (पायाने दाबून वेग वाढवायची दांडी) लावून बाहेर पडायचं ते ढगात शिरण्याआधी, डोंगरापासून दूर, खोऱ्याच्या दिशेने.

आता एकत्र राहण्याबद्दल. चौघांचा गट हवेत टिकत नाही. तुमची वजनं वेगळी, ग्लायडर वेगळे, चढण्याचा वेग वेगळा. एकजण ढगाच्या बुडाशी पोचलेला असतो तेव्हा दुसरा टेकऑफच्या उंचीवर धडपडत असतो. चौघे एकमेकांसाठी थांबायला लागले की वरचा थंडीने गारठतो, हजार मीटरला साडेसहा अंश या हिशेबाने तिथे बोटं बधिर होतात. आणि खालचा घाईत, बाकीचे खोळंबलेत म्हणून अपुऱ्या उंचीवर दरी ओलांडतो. दोन्ही धोक्याचे. म्हणून दोन-दोनच्या जोड्या करा. जोडीतले दोघे साधारण सारख्या हाताचे असावेत. एक अनुभवी आणि एक नवखा अशी जोडी लावली तर नवखा डोळे मिटून मागे जातो. वरच्याने थांबायचं, पण खालच्याच्या मदतीला खाली जायचं नाही. दोघेही खाली गेले तर मदत करायला कोणी उरत नाही.

रेडिओवर सल्ले नकोत, फक्त स्थिती सांगा. "दोन नंबर, न्यूगलच्या अलीकडची सोंड, २७००, चढतोय." एवढंच. "डावीकडे ये, इकडे मस्त लागलंय" हे ऐकून माणूस स्वतःच्या डोळ्यांना दिसणारं सोडून देतो. दर अर्ध्या तासाने प्रत्येकाने आपली ओळ बोलायची, गप्प राहायचं नाही. वॉकीटॉकीला भारतात परवान्याचे नियम आहेत, ते पाहून सेट घ्या. आणि परदेशातला कोणी मित्र सॅटेलाइट मेसेंजर देत असेल तर परवानगीशिवाय तो इथे बाळगू नका. त्यावरून विमानतळावर लोकांना अटक झालेली आहे. त्याऐवजी मोबाइलवर लाइव्ह ट्रॅकिंग चालू ठेवा, पॉवरबँक खिशात ठेवा, शिट्टी हार्नेसला (ज्यात बसून उडतो त्या पट्ट्यांच्या आसनाला) बांधा.

हे सगळं मी इतक्या बारकाईने का सांगतोय ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही पाचजण पुण्याहून गेलो होतो, आणि एक दिवस पश्चिमेला निघालो. पालमपूरपर्यंत सगळे दिसत होतो. तिथे एकाच्या रेडिओची बॅटरी संपली. आम्हाला वाटलं तो परत फिरला. त्याला वाटलं आम्ही त्याला उतरताना पाहिलं. तो न्यूगलच्या पात्रात, वरच्या बाजूला, दगडगोट्यांमध्ये उतरला होता, घोटा सुजला होता आणि फोनला रेंज नव्हती. आम्ही चौघे चामुंडेच्या अलीकडून फिरून परत आलो, खुशीत उतरलो, चहा प्यायलो. तो नाही हे आमच्या लक्षात आलं तेव्हा साडेपाच वाजले होते आणि ऊन मावळत आलं होतं. पुढचे साडेतीन तास मी कधी विसरणार नाही. शेवटचं त्याला कोणी, कुठे, किती वाजता पाहिलं, या साध्या प्रश्नाची चौघांनी चार उत्तरं दिली. एकजण म्हणाला आवाच्या अलीकडे, एकजण म्हणाला न्यूगलच्या पलीकडे. कोणत्या खोऱ्यात टॉर्च घेऊन शिरायचं तेच ठरेना. नऊच्या सुमाराला फोन आला तो एका गद्दी मेंढपाळाच्या ओळखीच्या दुकानातून. त्या दिवसांत गद्दी लोक कळप घेऊन वरच्या कुरणांतून खाली उतरत असतात. त्यातल्या एकाने आमच्या मित्राची शिट्टी ऐकली, त्याला आधार देऊन वाटेला आणला आणि स्वतः खाली गावात येऊन फोन लावला. मित्राचा घोटा महिन्याभरात बरा झाला. आम्ही मात्र त्या रात्रीच जेवताना नियम लिहून काढले, आणि तेव्हापासून त्यांच्याशिवाय उडत नाही.

त्यातला मुख्य नियम वेळेचा. साडेतीन वाजता सगळे जमिनीवर. हवा कितीही सुंदर असो, आणि ऑक्टोबरात दुपारनंतर ती खरोखर सुंदर असते. साडेतीनला उतरायचं ठरलं आणि चारपर्यंत एखाद्याचा पत्ता लागला नाही, तर शोधायला दीड-दोन तास उजेड शिल्लक असतो. त्यावरून उलटा हिशेब करा: दहा-साडेदहाला बिलिंगवर नोंदणी, कागदपत्रं आटोपून तयार, अकराच्या आत हवेत, आणि एक वाजता जिथे असाल तिथून परत. धरमशाला दोन किलोमीटरवर दिसत असली तरी परत.

या हिशेबात धरमशाला बसते का? तुमच्या पहिल्या मजलेत बसणार नाही, असं मला वाटतं, आणि ती बसवायचा प्रयत्नही करू नका. मजलेच्या पहिल्या दिवशी पालमपूर करून परत या. ते जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, तुमच्या आजवरच्या मजलेच्या चौपट, आणि त्यात दोन-तीन खऱ्या दऱ्या ओलांडाव्या लागतात. तो दिवस नीट गेला आणि अंगात ताकद उरली तर एक दिवस विश्रांती घेऊन चामुंडा. तिथे परत यायचा हट्ट सोडलात तर हमरस्त्याजवळ उतरून बसने बैजनाथ आणि तिथून बीर, हा फार आनंदाचा प्रवास आहे. चामुंडेच्या पुढे जाणार असाल तेव्हा आणखी दोन गोष्टी नकाशावर खुणेने ठेवा: योलचा लष्करी भाग, जिथे उतरायचं नाही, आणि खोऱ्यात गग्गलचा विमानतळ, जिथे प्रवासी विमानं उतरतात आणि त्या बाजूला सरकायचंही नाही. पालमपूरजवळ होल्टालाही लष्कर आहे.

ईएन-सीबद्दल: नको. चार महिन्यांच्या खंडानंतर, नव्या डोंगरात, नवा आणि जास्त चपळ ग्लायडर, हे तिन्ही एकदम अंगावर घेऊ नका. पालमपूर असो की धरमशाला, ईएन-बीवर सहज होते. ते पैसे रिझर्व्ह (संकटकाळचं पॅराशूट) नव्याने घडी करून घेण्यात, चांगल्या हातमोज्यांत आणि डोंगरातल्या बचावाचा खर्च देणाऱ्या विम्यात घाला. पॉलिसीत पॅराग्लायडिंगचा स्पष्ट उल्लेख आहे का ते वाचून घ्या. बऱ्याच पॉलिसींत ते वगळलेलं असतं.

आता ताई, म्हणजे सोबत येणारी बहीण. त्यांचा वेळ कसा जाईल याची काळजी करू नका, त्यांची तयारी असेल तर त्या तुमच्या दिवसाच्या सूत्रधार आहेत. आमच्या गटात आता रोज एकजण न उडता खाली राहतो, आळीपाळीने, आणि मला विचाराल तर त्याचा दिवस आमच्यापेक्षा जास्त जबाबदारीचा असतो. त्यांना चौगानच्या लँडिंगजवळ, रेंज चांगली येते अशा जागी बसू द्या, रेडिओचा एक सेट आणि एक साधी वही द्या. मोबाइलमधली नोंद नको, बॅटरी संपते. वहीत प्रत्येकाला एक पान: ग्लायडरचा रंग वरून आणि खालून, हार्नेसचा रंग, रक्तगट, घरचा नंबर, विम्याचा नंबर. त्याखाली टेकऑफची वेळ, आणि मग दर अर्ध्या तासाने रेडिओवर किंवा ट्रॅकिंगवर आलेली जागा, उंची, वेळ. एखादी ओळ चुकली तर त्यांनी विचारायचं: "तीन नंबर, कुठे आहेस?" दोनदा विचारून उत्तर नाही आलं तर जोडीदाराला विचारायचं.

वहीच्या पहिल्या पानावर बीरमधल्या दोन ओळखीच्या स्थानिक पायलटांचे आणि एका जीपवाल्याचे नंबर लिहा. पहिल्याच दिवशी स्वतः जाऊन या तिघांना भेटा, मजलेचा बेत सांगा, जीपचे दर आधी ठरवा. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. आणि चार वाजता कोणाचा पत्ता नसेल तर ताईंनी वाट न पाहता, तुम्हाला विचारायला न थांबता, पहिला फोन लावायचा, हे त्यांना चौघांनी समोर बसून सांगा. आपण उगाच सगळ्यांना धावपळ करायला लावली तर, या संकोचापायी माणसं अर्धा तास घालवतात. त्यांना तो संकोच वाटता कामा नये, धावपळ उगाच ठरली तरी तुमच्यापैकी कोणी रागावणार नाही हे ऐकायला मिळालं पाहिजे.

तुमच्या बाजूने एकच: जो कुठे उतरेल त्याने ग्लायडर घडी करायच्या आधी, हेल्मेट काढायच्या आधी फोन करायचा. शेतात उतरलात की मुलं धावत येतात, दोऱ्यांवर पाय पडतात, शेतमालकाशी दोन शब्द नीट बोलावे लागतात, कोणीतरी चहाला नेतं आणि अर्धा तास कसा गेला कळत नाही. रेंज नसेल तर त्या मुलांमधल्या मोठ्याला सोबत घेऊन रेंजच्या जागेपर्यंत चालत जा. "उतरलो, ठीक आहे, अमुक गाव" एवढं ताईंनी वेळेसकट लिहून घेतलं की तुमचं पान पूर्ण झालं. चौथं पान पूर्ण होईपर्यंत ती वही उघडीच राहू द्या, आणि पहिले उतरलेले तिघे तोवर ताईंजवळच थांबा, खोलीवर जाऊ नका.